ऑपरेशन झालं, पण धोका टळला का?

‘ऑपरेशन नीट पार पडलं’ हे शब्द कानांवर आले की आयसीयूबाहेर ताटकळलेल्या आईबापांच्या जिवात जीव येतो. पण मुलाच्या डोक्याला जबर मार लागला असेल, तर खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते.

गुरुग्राम, म्हणजे २०१६पर्यंतचं गुडगाव, हे उंच इमारतींचं आणि भरधाव रस्त्यांचं शहर. बाल्कनीचा कठडा आणि मोटारसायकलच्या टाकीवर बसवलेलं पोर, दोन्ही तिथे नेहमीचंच. लगतच्या दिल्लीत जानेवारी २०१२मध्ये दोन वर्षांच्या एका मुलीला एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये आणलं गेलं. तिची कवटी फुटली होती, अंगावर चावल्याच्या खुणा होत्या. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, मेंदूतल्या जंतुसंसर्गाशी डॉक्टर झुंजले. प्रकृती सुधारतेय असं वाटत असतानाच १५ मार्चला हृदय बंद पडून ती गेली.

असं का होतं? पहिला घाव क्षणात बसतो, दुसरा तासातासाने. कवटी ही बंद पेटी. आत मेंदू सुजला की दाब वाढतो, रक्तपुरवठा घटतो आणि सूज आणखी वाढते. म्हणून डोक्याकडची बाजू तीस अंश उंच ठेवतात, मुलाला गुंगीत ठेवून श्वास व्हेंटिलेटरवर सोपवतात, तीव्र मिठाचं सलाइन देतात.

त्यातच फुप्फुसांना संसर्ग होतो, ताप चढतो. झटके येतात, पण स्नायू सैल करणारं औषध चालू असेल तर ते दिसत नाहीत, ईईजीवरच कळतात. सर्वांत फसवं असतं ते सोडियम. शरीरातल्या पाण्यावर मेंदूचाच ताबा असतो. तो सुटला की कधी पाणी अंगात साठून सोडियम घसरतं आणि मेंदूची सूज वाढते; कधी लघवीचा नुसता लोट लागून सोडियम चढतं. नर्स दर तासाला लघवी मोजते, तेव्हा नातेवाइकांना तो उगाच सोपस्कार वाटतो. पण तेच आकडे वेळीच धोका दाखवतात. डॉक्टरांना ‘शुद्धीवर कधी येईल?’ एवढंच विचारू नका. ‘आजचं सोडियम किती, डोक्यातला दाब किती?’ हेही विचारा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत!

मूल घरी आल्यावरही चिडचिड, विसराळूपणा, अभ्यासात मागे पडणं असे त्रास कित्येक महिने राहू शकतात. त्याला हट्टी ठरवू नका. शाळेतल्या बाईंना आधीच भेटून सारं सांगून ठेवा.