दीक्षाचं बिऱ्हाड आणि आभासी संगणकांची जागा

दीक्षा 2017 साली आलं. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की व्हिडिओ लागतो (तांड्यावर रेंज मिळाली तर!). तो येतो डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवरून. एका मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडतात. प्रत्येक भाग म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आभासी संगणक.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने दीक्षासाठी ओरॅकलचं क्लाउड निवडल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं. असं बिऱ्हाड हलवताना कोणतं मशीन कुठे ठेवायचं, हे आधी ठरवावं लागतं.

ओरॅकलच्या मुंबई केंद्रात हार्डवेअरचे तीन वेगळे गट आहेत, त्यांना 'फॉल्ट डोमेन' म्हणतात. जनरल रजिस्टर आणि त्याची प्रत एकाच कपाटात ठेवली अन् वाळवी लागली, तर दोन्ही गेलं! तसंच डेटाबेस आणि त्याची प्रत एकाच गटात नको. गट न सांगता मशीन सुरू केलं, तर यंत्रणाच तो निवडते. दोन्ही मशीन एकाच गटात आली तरी पडद्यावर सगळं ठीकच दिसतं. कळतं ते हार्डवेअर बिघडल्यावर.

आणि अख्खं केंद्रच बंद पडलं तर? त्यासाठी एक प्रत हैदराबादच्या केंद्रात ठेवता येते. खर्च वाढतो, पण आपल्या निष्ठा प्रशिक्षणाच्या नोंदीही दीक्षावरच आहेत.