काळ्यावरचं काळं

रेझिन मुरवलेल्या कार्बन तंतूंच्या पाव इंच रुंद पट्ट्या यंत्राचं डोकं साच्यावर दाबत जातं. अनेक पट्ट्या शेजारीशेजारी, थरावर थर, प्रत्येक थराची दिशा वेगळी. कारखान्यात या पट्टीला ‘टो’ म्हणतात. यंत्र झपाझप चालतं आणि थर पुरा झाला की थांबतं, कारण आता माणसं विजेरी तिरकी धरून वाकणार. दोन टोंमध्ये फट राहिली का, एक दुसरीवर चढली का, कुठे पीळ पडला का, वेष्टनाचा कपटा अडकला का? चकचकीत काळ्यावर काळाच दोष शोधायचा, आणि तोही पुढच्या थराखाली गाडला जाण्याआधी.

बोइंग ७८७च्या वजनातला निम्मा वाटा अशा संमिश्र साहित्याचा असतो. (त्याच्या मजल्याच्या काही तुळया नागपूरच्या मिहानमध्ये बनतात.) २०१९मध्ये, वेग सर्वांत जास्त असताना, ही विमानं महिन्याला १४ बनत. मुंबई-दिल्ली फेऱ्या मारणारी ए३२० जातीची विमानं बहुतांशी ॲल्युमिनियमची आणि संख्येने कितीतरी जास्त. तीही उद्या कार्बनची करायची, तर वेग त्यांच्यासारखा हवा. नासाच्या ‘हायकॅम’ प्रकल्पाने महिन्याला ८० विमानांचं लक्ष्य ठेवलं आहे. विजेरी तिथे पुरणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

नासाच्या व्हर्जिनियातल्या लँगली केंद्रात ‘आयझॅक’ नावाचा टो बसवणारा रोबॉट आहे. त्यावर करून पाहिलेली युक्ती मला फार आवडते, कारण तिला वेगळी ऊर्जा लागत नाही. टो नीट चिकटावा म्हणून डोक्यावरचा दिवा खालचा थर तापवतोच. त्यावर तुलनेने थंड टो पडतो आणि मागोमाग उष्णताचित्रं घेणारा कॅमेरा जातो. टो घट्ट टेकला तर झटकन तापतो. उचललेला राहिला तर थंडच दिसतो. पोळीचा तव्यापासून सुटलेला भाग कच्चा राहतो, तसं. फटीतून खालचा गरम थर डोकावतो, तर एकावर एक चढलेले टो गार पट्ट्यासारखे उमटतात. रंग काळा असला तरी बिघडत नाही, आणि यंत्र थांबवावंही लागत नाही. दुसरा मार्ग लेसर रेषेचा: ती पृष्ठभागाची उंची मोजते, म्हणून कडा सापडतात, पण टो खाली चिकटला की नाही, ते तिला नेमकं कळत नाही.

भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या भट्टीत, भाजून निघाल्यावर पाण्याच्या धारेतून अल्ट्रासाउंड सोडून आतल्या पोकळ्या आणि सुटलेले थर शोधतात. हे तंत्र जुनं आणि भरवशाचं आहे. मात्र तोवर भागावर सगळा खर्च होऊन गेलेला असतो.

खरी अडचण दोष दिसण्यापेक्षा ठरवण्यात आहे. उंबरठा कडक ठेवला तर यंत्र क्षुल्लक फटींवरही बोंब मारतं आणि प्रत्येक लाल खुणेपाशी माणूस पुन्हा वाकतो. मग वाचलेला वेळ गेलाच. सैल ठेवला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. शिवाय मोजमाप झालं म्हणजे कोणी ते वाचलं, असंही नसतं. ७८७च्या धडाचे भाग जोडताना उरलेली फट ‘शिम’ घालून भरतात आणि त्यानंतरची मर्यादा ०.००५ इंच, म्हणजे साधारण केसाएवढी. शिम ठरल्यापेक्षा जाड झाली तर इशारा देणारी सोय संगणकप्रणालीत होती. ती वापरलीच जात नव्हती, हे बोइंगनेच नंतर सांगितलं. या आणि अशाच दोषांपायी मे २०२१पासून ऑगस्ट २०२२पर्यंत नवी ७८७ विमानं ग्राहकांच्या हाती पडली नाहीत.