प्राप्तिकराची कचेरी आणि आपण

प्राप्तिकर हा शब्द कानीं पडतांच आपल्या परभणी जिल्ह्यांतील सामान्य माणसाच्या मनांत दोन कल्पना येतात. एक अशी कीं, हा कर धनिकांचा, आपला त्याच्याशीं संबंध नाहीं. आणि दुसरी अशी कीं, त्या कचेरीची पायरी चढणें म्हणजे नसती आपत्ति ओढवून घेणें. या दोन्ही कल्पना अपुऱ्या आहेत, आणि त्यांच्या पायीं निवृत्त माणसांचे व विधवा स्त्रियांचे हक्काचे पैसे सरकारी खजिन्यांत पडून राहतात. ज्या कचेरीस आपण कर देतों तिच्याकडून साहाय्य कसें मागावें, हा आजचा विषय आहे.

या अपरिचयास थोडा इतिहासहि कारण आहे. हिंदुस्थानांत प्राप्तिकर प्रथम १८६० सालीं जेम्स विल्सन यानें बसविला. परंतु आपला मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. सप्टेंबर १९४८ मध्यें तें राज्य भारतांत सामील झालें, आणि १ एप्रिल १९५० पासून भारताचा प्राप्तिकर कायदा येथें लागू झाला. शिवाय शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा हा कर नाहीं. त्यामुळें जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड या भागांतल्या शेतकऱ्यास तलाठी ठाऊक, सातबारा ठाऊक, तहसिलीची वाट ठाऊक. प्राप्तिकराची कचेरी मात्र परकीच राहिली. पुढें त्याच घरांतला मुलगा शिक्षक किंवा कारकून झाला, निवृत्त झाला, त्यानें बँकेंत ठेव ठेविली, आणि मग त्याची या कराशीं गांठ पडली.

ती गांठ कशी पडते हें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. पासष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक आहेत असें समजा. २०२५-२६ या वर्षांत त्यांस निवृत्तिवेतन ३,००,००० रुपये मिळालें व एका बँकेंतील ठेवींवर १,२०,००० रुपये व्याज झालें. साठ वर्षांवरील माणसाचें व्याज वर्षाला एक लाखाच्या वर गेलें म्हणजे बँकेनें शेंकडा १० प्रमाणें कर कापावा, असा त्या वर्षींचा नियम होता. त्याप्रमाणें बँकेनें १२,००० रुपये कापले. आतां खरा हिशेब पाहा. दोन्ही मिळून उत्पन्न ४,२०,००० रुपये. नव्या करपद्धतींत निवृत्तिवेतनांतून ७५,००० रुपयांची ठराविक वजावट मिळाली, म्हणजे राहिले ३,४५,००० रुपये. त्या वर्षीं चार लाखांपर्यंत करच नव्हता. तात्पर्य, देणें शून्य आणि कापले बारा हजार.

हे बारा हजार परत मिळावयाचे कसे? येथें पुष्कळांची समजूत चुकते. "आपणांस कर लागत नाहीं, मग रिटर्न कशाला?" असें ते म्हणतात. परंतु कापलेली रक्कम आपोआप परत येत नाहीं, आणि कचेरींत साधा अर्ज टाकल्यानेंहि येत नाहीं. विवरणपत्र, म्हणजेच रिटर्न, भरूनच ती मागावी लागते. वर्षाच्या आरंभीं बँकेस "माझ्यावर कर बसत नाहीं" असें घोषणापत्र दिलें असतें, तर कपातच टळली असती. हें घोषणापत्र बँकांत कित्येक वर्षें पंधरा-एच या नांवानें ओळखलें गेलें. आणि मुदत टळली तरी आशा सोडूं नये. विलंब माफ व्हावा असा अर्ज वरिष्ठ आयुक्तांकडे करतां येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानें त्यास आकारणी वर्ष संपल्यापासून पांच वर्षांची मर्यादा घालून दिली. तो कोणाच्या नांवें व कोठें द्यावयाचा, हें आपल्या कचेरींतच विचारावें.

यावरून कळून येईल कीं, साहाय्य मागण्यापूर्वीं आपलें काम कोणाकडे आहे हें ओळखणें अवश्य आहे. परभणींत प्राप्तिकराची कचेरी आहे. पण संगणकावरून भरलेलें आपलें विवरणपत्र तेथें येत नाहीं. तें बेंगळुरूच्या मध्यवर्ती केंद्रांत तपासलें जातें, आणि परतावाहि तेथूनच सुटतो. तेव्हां परतावा कां अडला असें परभणीच्या कारकुनास रागानें विचारण्यांत अर्थ नाहीं. बहुधा बँकेंतील नांव व पॅनवरचें नांव यांचा मेळ बसलेला नसतो. किंवा पॅन आधाराशीं जोडलेला नसतो. १ जुलै २०२३ पासून असे पॅन निष्क्रिय समजले जाऊं लागले, व त्यांवर परतावा मिळत नाहीं.

दुसरी गोष्ट नोटिशीची. २०२० पासून आकारणीचें पुष्कळसें काम समोरासमोर न भेटतां चालतें. अधिकारी कोणत्या शहरांत बसला आहे हें करदात्यास कळत नाहीं, आणि उत्तर संगणकाद्वारेंच पोंचवावें लागतें. यास्तव स्थानिक कचेरींत कागद देऊन आलों म्हणजे उत्तर झालें, असें समजूं नये. उत्तर कोठें व किती दिवसांत द्यावयाचें हें नोटिशींतच लिहिलेलें असतें. तेवढें प्रथम वाचावें. स्थानिक अधिकाऱ्यानें स्वतः दिलेल्या आदेशांतील चूक, जुनी थकबाकी, किंवा आपला पॅन दुसऱ्याच गांवच्या अधिकाऱ्याकडे नोंदलेला असणें, अशीं कामें मात्र स्थानिक कचेरीचीं. साधी शंका असेल तर खात्याचा १८०० १८० १९६१ हा विनामूल्य दूरध्वनि आहे. शेवटचे चार अंक १९६१ च्या कायद्याचें साल आहे, म्हणून लक्षांत ठेवावयास सोपे. संगणकावर तक्रार नोंदविली तर तिला क्रमांक मिळतो. प्राप्तिकर लोकपाल म्हणून २००३ सालीं जी व्यवस्था निघाली होती, ती सरकारनें २०१९ सालीं बंद केली; तेव्हां जुन्या पुस्तकांतून त्यांचा पत्ता काढून पत्रें धाडूं नयेत.

आतां अर्जाविषयीं. पुष्कळांस वाटतें कीं, केंद्र सरकारची कचेरी म्हणजे अर्ज इंग्रजींतच पाहिजे. तसें नाहीं. आपल्या राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानें प्रत्येक माणसास संघांत किंवा राज्यांत चालणाऱ्या कोणत्याहि भाषेंत आपलें गाऱ्हाणें कोणत्याहि अधिकाऱ्यापुढें मांडण्याचा अधिकार दिला आहे. मराठींत लिहिलेलें गाऱ्हाणें हा आपला हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. शाळेंत रजेचा अर्ज शिकवितात त्याच रीतीचा हा अर्ज असावा: आपला पॅन, वर्ष, काय घडलें, आणि काय व्हावें. एका अर्जांत एकच विषय घ्यावा. वर्ष लिहितांना विशेष जपावें. जुन्या कायद्यांत उत्पन्नाचें वर्ष निराळें व आकारणीचें वर्ष त्याच्या पुढचें असे; म्हणजे २०२५-२६ च्या उत्पन्नाचें आकारणी वर्ष २०२६-२७. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या २०२५ च्या कायद्यांत कर वर्ष हा एकच शब्द ठेविला आहे. अर्जासोबत बँकेचें कपातीचें प्रमाणपत्र, खातेपुस्तकाची व विवरणपत्राच्या पावतीची प्रत जोडावी. आणि तारीख व शिक्का असलेली पोंच घेतल्यावांचून परतूं नये. ज्या कागदाची पोंच नाहीं तो दिला असें सिद्ध करतां येत नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्यापैकीं बहुतेक जण कचेरींत जात नाहींत, मध्यस्थाकडे जातात. चांगला कर-सल्लागार मिळणें हें भाग्यच आहे, आणि त्याच्या कष्टांचा मोबदला देणें योग्यच आहे. परंतु "तुम्हांस जास्त परतावा काढून देतों, त्यांतला हिस्सा मला द्या" असें जो म्हणतो त्यापासून दूर राहावें. जुलै २०२५ मध्यें प्राप्तिकर खात्यानें खोट्या वजावटी लावून परतावे काढणाऱ्या मध्यस्थांवर देशांत ठिकठिकाणीं छापे घातले. त्यांत महाराष्ट्रहि होता. त्यापूर्वींच्या चार महिन्यांत सुमारें ४०,००० करदात्यांनीं आपलीं विवरणपत्रें सुधारून १,०४५ कोटि रुपयांचे खोटे दावे मागें घेतल्याचें खात्यानें जाहीर केलें. यांतल्या कित्येकांस आपल्या नांवावर काय लिहिलें गेलें हें ठाऊकहि नसेल. तथापि विवरणपत्र ज्याच्या नांवाचें, उत्तरदायी तोच. मध्यस्थ दुकान हालवितो. व्याज व दंड घरधन्यास भरावा लागतो.

१३ ऑगस्ट २०२० रोजीं करदात्यांची सनद प्रसिद्ध झाली. तींत खात्यानें चौदा वचनें दिलीं आहेत. सौजन्यानें वागवूं, प्रामाणिक समजूं, तक्रारीची सोय ठेवूं, हीं त्यांतलींच. परंतु तींत करदात्याकडूनहि सहा अपेक्षा केल्या आहेत, आणि त्यांपैकीं एक अशी कीं, आपला प्रतिनिधि आपल्या वतीनें काय करतो हें करदात्यानें जाणून असावें. यास्तव विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घेतलें तरी त्याची प्रत मागून घ्यावी, प्रत्येक वजावटीचा पुरावा आपल्यापाशीं आहे काय हें पाहावें, आणि संगणकाचा परवलीचा शब्द व भ्रमणध्वनीचा क्रमांक आपलाच ठेवावा. मध्यस्थाचा क्रमांक नोंदविला तर खात्याचे सारे निरोप त्याच्याकडे जातील, आणि नोटीस आली हें आपणांस मुदत संपल्यावर कळेल.

खात्याचें नांव सांगून फसविणारेहि आहेत. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रावर एक ओळखक्रमांक घालण्याचा नियम झाला असून, तो खरा कीं खोटा हें खात्याच्या संकेतस्थळावर पडताळतां येतें. बँकेचा गुप्त अंक किंवा दूरध्वनीवर आलेला सांकेतिक आंकडा खातें कधींहि विचारीत नाहीं. जो विचारतो तो चोर समजावा.

श्रोते हो, तलाठ्याकडे जाऊन सातबारा पाहण्यास आपण भीत नाहीं, कारण जमीन आपली आहे हें आपण जाणतों. विवरणपत्र हाहि आपल्याच मिळकतीचा उतारा आहे. तो वर्षांतून एकदां स्वतः वाचावा, न कळेल तें लिहून विचारावें, आणि उत्तर लेखी घ्यावें. ज्यांच्या घरीं वृद्ध आईवडील आहेत अशा शिकलेल्या मुलामुलींनीं या वर्षीं एवढें तरी करावें: त्यांच्या ठेवींवर बँकेनें किती कर कापला तें पाहावें, आणि तो परत मिळण्याजोगा असेल तर मुदतीच्या आंत मागावा. ती रक्कम कोणाची कृपा नव्हे. ती त्यांचीच आहे.