जेथें विमान हाच रस्ता

विमान म्हटलें कीं आपणां शहरवासीयांच्या मनांत वेग आणि चैन या दोन कल्पना प्रथम उभ्या राहतात. परंतु पृथ्वीवर असाहि एक प्रदेश आहे कीं जेथें विमान ही चैन नसून गांवचा रस्ताच होय. त्या ग्रीनलंडची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

या बेटाचें क्षेत्रफळ सुमारें २१ लक्ष ६६ हजार चौरस किलोमीटर. वस्ती मात्र अवघी ५६ हजारांच्या आसपास. चारपंचमांश भूमि बर्फाखालीं गाडलेली असल्यामुळें माणसें किनाऱ्याच्या अरुंद पट्टींत विखुरलेलीं आहेत. दोन शहरांना जोडणारी सडक नाहीं. समुद्राचा मार्ग आहे. पण उत्तरेकडे हिवाळ्यांत तोहि गोठतो.

ही कोंडी फोडण्यासाठीं १९६० सालीं एक विमानकंपनी निघाली. आज ती 'एअर ग्रीनलंड' या नांवानें ओळखली जाते. डोंगराळ किनाऱ्यावर धावपट्टीपुरती सपाट जमीन मिळणें दुरापास्त. म्हणून १९६५ पासून तिनें मोठीं हेलिकॉप्टरें प्रवासी वाहतुकीस लावलीं. घरांजवळचा सपाट केलेला एक तुकडा त्यांना पुरे होतो. परंतु हेलिकॉप्टर ओझें थोडें नेतें आणि खर्च फार मागतें. तेव्हां पुढें अनेक शहरीं सुमारें ८०० मीटरांच्या आंखूड धावपट्ट्या बांधून त्यांवर उतरूं शकणारीं पंख्यांचीं विमानें आणण्यांत आलीं. उपेर्नाविक येथें तर डोंगराचा माथा सुरुंगांनीं फोडून धावपट्टी केली आहे.

आतां अशी कल्पना करा कीं, उत्तरेकडील कुल्लोर्सुआक या लहानशा गांवच्या एका रुग्णास राजधानी नूक येथील रुग्णालयांत जावयाचें आहे. त्यानें हेलिकॉप्टरनें उपेर्नाविक गांठावें, तेथून लहान विमानानें इलुलिस्सातला यावें आणि मग पुढें नूक. नूकला २०२४ च्या नोव्हेंबरांत २,२०० मीटरांची धावपट्टी खुली झाली. कोपनहेगनचीं मोठीं विमानें आतां थेट तेथें उतरतात. राजधानी जगाच्या जवळ आली खरी, परंतु कुल्लोर्सुआकची वाट तीच राहिली. धुकें उतरलें कीं हेलिकॉप्टर जागचें हलत नाहीं. तेथील भाषेंत 'इम्माका' म्हणजे 'कदाचित्'. म्हणून लोक थट्टेनें कंपनीस 'इम्माका एअर' म्हणतात. रुग्णाच्या घरच्यांना मात्र ती थट्टा खचित सुचत नसेल.

अशा मार्गांवर भाड्यांतून खर्च निघत नाहीं. करार करून सरकार तूट भरून देतें. २०१९ पासून ही कंपनीहि सर्वस्वीं ग्रीनलंड सरकारच्या मालकीची आहे. मूठभर लोकांसाठीं एवढा खर्च कां, असें कोणी विचारील. परंतु परवडत नाहीं म्हणून गांव मोडणें म्हणजे काय, हें ग्रीनलंडनें अनुभवलें आहे. कुलिस्सात हें कोळशाच्या खाणीचें गांव १९७२ सालीं बंद करून तेथील माणसें अन्यत्र हलविण्यांत आलीं. ती सल अद्यापि बुजलेली नाहीं.

आपल्या दारावरून जाणाऱ्या सडकेनें नफा किती दिला, असें आपण कधीं विचारीत नाहीं. कुल्लोर्सुआकवर घरघरत येणारें हेलिकॉप्टर ही तेथली सडकच आहे, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या खर्चाचा अर्थ उमगतो.