स्पॅनिश जग : एकवचनी की अनेकवचनी?

आज आपण स्पॅनिश भाषक जगाकडे वळतो आहोत. सुमारे वीस देशांची ही राजभाषा. म्हणून ‘स्पॅनिश संस्कृती’ असं एकवचन आपण सहज वापरतो. ते जरा तपासायला हवं.

आपल्या शिरोळ तालुक्याचंच घ्या. हद्दीपलीकडे कर्नाटक आणि अलीकडेही अनेक घरांत मराठीबरोबर कन्नड. सरकारी कागदावरच्या एकाच भाषेवरून कुणी आपला इतिहास लिहिला, तर तो आपल्याला पटेल का?

तिकडेही तसंच आहे. १५२१ साली अझ्टेकांची राजधानी पडली, पण लोकांच्या भाषा पडल्या नाहीत. मेक्सिकोत आज स्पॅनिशबरोबर ६८ मूळनिवासी भाषांनाही राष्ट्रीय दर्जा आहे. पॅराग्वेच्या १९९२ च्या संविधानात स्पॅनिशच्या जोडीला ग्वारानी ही राजभाषा आहे. खुद्द स्पेनमध्ये कॅटलान, बास्क, गॅलिशियन आहेतच.

आता शब्द बघा. मक्याचा स्पॅनिश शब्द ‘माईस’ हा कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा. मिरचीचा ‘चिले’ अझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतला. पुढे पोर्तुगीजांबरोबर मिरची आपल्याकडे आली आणि आपण तिला मिऱ्यावरून नाव दिलं. म्हणजे आपल्या तांबड्या रश्श्याचा तिखटपणाही मूळचा तिकडचाच! जिंकणाऱ्याच्या भाषेत हरलेल्यांचे शब्द असे टिकून राहतात.

हे जग शेताच्या बांधावरून पाहिलेला एक मराठी माणूस आपल्याला माहीत हवा : पांडुरंग खानखोजे. जन्म १८८४, वर्धा. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. डिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं.

मका ही तिथल्या मूळ लोकांनी हजारो वर्षं बी निवडत घडवलेली वनस्पती. ती समजून घ्यायला राजदरबाराच्या बखरी पुरत नाहीत, शेतात उतरावं लागतं.

तत्त्वज्ञानात आम्ही म्हणतो, नाव कळलं म्हणजे वस्तू कळली असं नव्हे. ‘स्पॅनिश’ हे नाव सोयीचं खरं, पण त्या सोयीपायी कुणीतरी गाळलं जातं. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. तेव्हा ही भाषा जरूर शिका. मात्र शिकताना विचारत राहा : हा शब्द आधी कुणाच्या तोंडी होता?