घोडा घरघरतो, मग लगेच ऑपरेशन?
धावताना घोड्याचा श्वास घरघरतोय. ऑपरेशन करायचं? थांबा, आधी मोजा.

घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. स्वरयंत्राची डावी बाजू लुळी पडली, की हवेची वाट अरुंद होते. उभ्या घोड्याच्या एंडोस्कोपीत याच्या चार श्रेणी ठरतात. चौथीत, म्हणजे पूर्ण लुळेपणात, शंका नसते. तिसरीत मात्र काही घोडे धावताना ठीक असतात, काहींची ती बाजू आत कोसळते. म्हणून एंडोस्कोपी धावतानाच करायची.

टाक्याने ती बाजू उघडी बांधली, की हवा मिळते. पण खोकला लागू शकतो, चारा श्वासनलिकेत जाऊ शकतो. शर्यतीच्या घोड्याला हा सौदा परवडेल, निवांत फिरणाऱ्याला कदाचित नाही.

तुमच्या संशोधनातही विचारा: मोजमाप खऱ्या परिस्थितीत घेतलंय का? आणि 'यश' म्हणजे नेमकं काय?