रंगमंचावर ऐकणारा नट

नाटक पाहून घरी परतताना आपण काय बोलतो? अमक्याचे पाठांतर छान होते, तमकीचा आवाज खणखणीत होता. पण अमका किती चांगले ऐकत होता, असे सहसा कोणी म्हणत नाही. अभिनयाचे अर्धे काम मात्र कानांचे असते. त्याविषयी आज आम्ही दोन शब्द लिहीत आहोत.

कॅनडातील टोरांटो शहराच्या पूर्व भागाला स्कारबरो म्हणतात. १९९८ पर्यंत तेथील कारभार वेगळा होता. तेथे स्कारबरो व्हिलेज थिएटर नावाचे छोटे नाट्यगृह असून तीन हौशी संस्था ते मिळून वापरतात. तेथे प्रेक्षक रंगमंचाच्या तीन बाजूंना बसतात. त्यामुळे बोलणाऱ्या नटाची पाठ कोणाकडे तरी होतेच. त्या प्रेक्षकांना दिसतो तो ऐकणाऱ्या नटाचा चेहरा. तो नुसता आपल्या पाळीची वाट पाहत असेल, तर ते लपत नाही.

मराठी रंगभूमीला हे नवे नाही. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगभूमीवर आले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. शेवटच्या अंकात बेणारेवर एकामागून एक आरोप होतात आणि ती बहुतेक वेळ गप्प असते. त्यानंतर तिचे मोठे स्वगत येते. आधीचे ऐकणे खरे नसेल, तर ते स्वगत पोकळ वाटेल.

ज्या कोकणातून आपले पूर्वज मॉरिशसला आले, तेथील दशावतारी नाटकात तर संवाद लिहिलेलेच नसतात. कथा ठरलेली, बोलणे आयत्या वेळचे. देवाने काय विचारले हे राक्षसाने ऐकलेच नाही, तर तो उत्तर कसले देणार? आपल्या झाकरीतही पुढच्याने ओळ उचलली की मागच्यांना ती कानाने झेलावी लागते.

आता आपल्या मुलांकडे पाहू या. घरी क्रेओल, शाळेत इंग्रजी व फ्रेंच, आणि मराठी फक्त नाटकाच्या तालमीत. मूल आपली वाक्ये घोकते. दुसऱ्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द कानी आला की आपले म्हणून मोकळे होते. मधल्या बोलण्याचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. समोरच्याने एक वाक्य गाळले की सारे नाटक अडते. टोरांटोत मराठी भाषिक मंडळ आहे, तेथेही मराठी नाटके होतात. इंग्रजीत वाढणाऱ्या तिकडच्या मुलांपुढची अडचण काही वेगळी नसावी.

यावर उपाय साधा आहे. तालमीचे पहिले काही दिवस पाठांतर नको. प्रत्येक मुलाने समोरच्या पात्राचे म्हणणे आधी क्रेओलमध्ये सांगावे, मग मराठीत. भूमिका अदलाबदल करून पाहाव्यात. घरात मराठी जाणणारी आजी असेल, तर तिला दुसऱ्या पात्राची वाक्ये म्हणायला बसवावे.

असे केल्याने नाटक तर सुधारेलच, शिवाय वर्षातून काही आठवडे तरी मराठी शब्द मुलांच्या कानांवर अर्थासकट पडतील. आमच्या मते बक्षिसापेक्षा ही कमाई मोठी आहे. या वर्षीच्या तालमी सुरू होतील तेव्हा पालकांनी व शिक्षकांनी हे अवश्य करून पाहावे.